१८४० च्या सुमाराची जर्मन वाईन-तळघराची वही वाचायला कुठून सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की ऱ्हाइनगाउमधल्या सासरच्या घरात वाईनच्या तळघराची १८४० च्या आसपासची हिशेबवही निघाली, तुम्हाला जर्मन उत्तम येतं, पण वहीतला एकही शब्द लागत नाही. साहजिक आहे. ती लिपी कुरेंट, म्हणजे जर्मनांचं जुनं हस्तलिखित वळण. तिचा शाळकरी अवतार, म्हणजे झ्युटरलीन, १९४१ साली नाझी सरकारनेच शाळांतून काढून टाकला. त्यामुळे तुमच्या नवऱ्यालाही ती लागत नसेल तर त्याला बोल लावू नका.

माझा सल्ला थोडा उलटा आहे: अक्षरांच्या मागे लागू नका, आधी आकडे वाचा. ही वही म्हणजे शेवटी कीर्द-खतावणीच. पिंपं किती, आली कुठून, गेली कुणाकडे, पैसे किती. आणि हिशेबाचा मोठा फायदा असा की तो तुमचं वाचन स्वतःच तपासून देतो.

तुमचा भाग तेव्हा नासाउच्या डचीत, म्हणजे ड्यूकच्या छोट्या राज्यात होता (प्रशियाने तो १८६६ मध्ये गिळला), म्हणजे पैसे गुल्डन आणि क्रॉइत्सरमध्ये. ६० क्रॉइत्सरचा १ गुल्डन. गुल्डनची खूण म्हणजे एफ आणि एल एकत्र गुंफलेले. आता समजा तुम्ही १२ गुल्डन ४५ आणि त्याखाली ३ गुल्डन ३० असं वाचलंत, आणि बेरीज मात्र २१ गुल्डन १५ लिहिलेली आहे. क्रॉइत्सर जुळतात (४५ अधिक ३०, म्हणजे १ गुल्डन १५), गुल्डन पाचने कमी पडतात. म्हणजे तो ३ नाही, ८ आहे. त्या हाताचा ८ कसा दिसतो हे एकदा कळलं की पुढची सगळी पानं सोपी. कारकुनाची बेरीज चुकते, पण आपलं वाचन त्याहून जास्त चुकतं.

पानाच्या तळाशी किंवा माथ्यावर ‘ट्रान्सपोर्ट’ दिसलं तर गाडीभाडं समजू नका. ते आपलं ‘मागील पानावरून पुढे’. ‘लाटुस’ म्हणजे त्या पानाची बेरीज.

तारखांत एक फसवी जागा आहे. ७ चा आकडा आणि पुढे ‘बर’ असेल तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे. तसंच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. शंका आली तर द्राक्षांना विचारा: ऱ्हाइनकाठी ऑगस्टमध्ये तोडणी होत नाही. आणि ‘११अर’ दिसलं तर ती अकरा पिंपं नव्हेत, १८११ ची वाईन. त्या वर्षी आकाशात मोठा धूमकेतू होता आणि द्राक्षंही अफाट चांगली आली, म्हणून ती वाईन पुढे कित्येक वर्षं जपून ठेवली गेली.

मापांपैकी ‘श्टुक’ लक्षात ठेवा: सुमारे १२०० लिटरचं पिंप. ‘हाल्बश्टुक’ ६०० चं. ‘ड्रिटहाल्ब’ लिहिलं असेल तर अडीच, साडेतीन नव्हे.

आता अक्षरं (सोयीसाठी इंग्रजी नावं वापरतो). कुरेंटचा सगळा त्रास आखूड तिरक्या काड्यांचा. ई दोन काड्यांचा, एन दोन काड्यांचा, यू पण दोनच, फक्त यूच्या डोक्यावर छोटा अर्धचंद्र. ‘वाइन’ हा शब्द घ्या. पहिल्या डब्ल्यूनंतर ई, आय, एन, म्हणजे २ अधिक १ अधिक २, अशा पाच काड्या, तिसरीवर टिंब. तेही लिहिणाऱ्याच्या घाईत बहुतेक उजवीकडे सरकलेलं. एन किंवा एमवर आडवी रेघ असेल तर ते अक्षर दोनदा वाचायचं. मोठा के आणि मोठा आर ओळखताना मात्र माझं डोकं अजूनही फिरतं.

म्हणून माहीत असलेल्या शब्दांवरून त्या हाताची स्वतःची बाराखडी बनवा: महिने, शेजारची गावं (र्‍युडेसहाइम, गाइसेनहाइम, हाटेनहाइम), श्टाइनबेर्गसारखे मळे. कधी कधी नावं आणि परदेशी शब्द साध्या रोमन वळणातही लिहिलेले सापडतात, एकाच ओळीत दोन लिप्या. ते फुकटचे टेकू समजा. आणि शब्दकोशात न सापडलेला शब्द लगेच चुकीचा ठरवू नका. १९०१ च्या शुद्धलेखन सुधारणेआधी ‘रोट’, म्हणजे लाल, टीनंतर एच लावून लिहीत.

तळघराचे नेहमीचे शब्द मोजकेच: ‘आबश्टिख’ (गाळ खाली ठेवून वाईन दुसऱ्या पिंपात काढणं), ‘हेफे’ (तो गाळ), ‘फ्युलवाइन’ (पिंपातली वाईन उडून कमी झाली की भर घालायची ती), ‘श्वेफेल’ (गंधक, रिकामी पिंपं धुरी देऊन शुद्ध करायला).

मोडी शिकला असाल तर माहीतच असेल, नुसतं बघून वळण डोळ्यात बसत नाही, गिरवावं लागतं. इथेही तेच. रोज एक ओळ टाकाने उतरवून काढा, हात कुठे वळतो ते कळलं की डोळ्याला कळतं.

इन्सब्रुकमध्ये जन्मलेलं ट्रान्सक्रिबुस नावाचं सॉफ्टवेअर कुरेंट बऱ्यापैकी वाचतं. सलग पत्र असेल तर छान. पण रकाने आणि संक्षेप आले की ते आत्मविश्वासाने काहीही ठोकून देतं. त्याचं वाचन घ्या, पण बेरजेच्या चाळणीतून काढून.

पानांचे फोटो टाकणार असाल तर समासासकट टाका आणि खालची बेरीज कापू नका. आधी वर्षअखेरीच्या शिल्लक मोजणीचं पान शोधा. तिथे वर्ष, मळ्याचं नाव आणि पिंपांची संख्या एकाच ओळीत मिळण्याची शक्यता जास्त.