पावसाळ्यात सुटा ठेवलेला इंजिनाचा ब्लॉक

प्रश्न : माझ्या मच्छीमार बोटीच्या डिझेल इंजिनाचा ब्लॉक बोअर आणि होनिंग करून (म्हणजे सिलिंडरचे भोक, ज्याला बोअर म्हणतात, ते कातून आणि आतून बारीक घासून) मेअखेरीस घरी आणला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने जोडणी नंतर करू, असे ठरवून त्याला जुने काळे ऑईल फासले आणि ताडपत्रीत गुंडाळून पडवीत ठेवला. पंधरा दिवसांतच बोअरमध्ये तांबूस डाग दिसू लागले. काय चुकले?
– एक वाचक, देवगड

उत्तर : तेल लावण्याआधी ब्लॉकवरचे मीठ निघाले नसावे, असे वाटते. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे बारीक कण उघड्या बिडावर बसतात आणि हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की हवेतलेच पाणी शोषून विरघळतात. त्यामुळे पावसाचा थेंबही न लागता तेलाखाली गंज चढत राहतो. शिवाय वापरलेल्या ऑईलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले आणि पाणी असते. ते या कामासाठी कधीही वापरू नये. ताडपत्रीने आतला दमटपणा कोंडून धरला, हेही आहेच.

आता ब्लॉक गरम साबणाच्या पाण्याने ब्रश घालून धुवावा, तेलाच्या वाहिन्याही सोडू नयेत, आणि पांढरे फडके बोअरमधून फिरवल्यावर स्वच्छ निघेपर्यंत धुणे थांबवू नये. कॉम्प्रेसरच्या हवेने तो लगेच वाळवावा (आधी टाकीतले पाणी काढून टाकावे) आणि त्याच बैठकीत गंजरोधक तेल लावावे, कारण ताजे मशिनिंग झालेले बीड आपल्याकडच्या हवेत काही तासांतच तांबूस पडू शकते. साधे इंजिन ऑईल उभ्या भिंतीवरून ओघळून जाते, तर दाट ग्रीस वाहिन्यांत अडकून राहते. म्हणून दोन्ही टाळलेली बरी. हाताळताना हातमोजे घालावेत, कारण घामातही मीठ असते.

नंतर ब्लॉक व्हीसीआय पिशवीत (गंजरोधक वाफ सोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत) ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह हवाबंद करून, जमिनीला न टेकवता लाकडी फळ्यांवर, पडवीऐवजी आतल्या खोलीत ठेवावा.

सध्याचे डाग रॉकेल आणि मऊ घासणीने निघाले, तर काळजीचे कारण नाही. मात्र नखाला खड्डा जाणवत असेल, तर जोडणीपूर्वी बोअर पुन्हा मोजून घ्यावा.