विहीर खोदताना काळ्या पाषाणाखाली दगडी शंख निघाले. विदर्भात पूर्वी समुद्र होता काय?

आपल्या शंखांवरून तसे म्हणता येणार नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, पण तो एका दमात नव्हे. मधल्या शांत काळात थिजलेल्या खडकाच्या खोलगट भागांत गोड्या पाण्याची तळी साचली, त्यांत गोगलगाई व मासे वाढले, आणि पुढचा लाव्हा त्या गाळावर पसरल्याने ते सारे दोन काळ्या थरांमध्ये बंद झाले. नागपूरजवळच्या टाकळीतील असे जीवाश्म (दगड झालेले जीवांचे अवशेष) स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच गोळा केले होते. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरून पाहा. ते तोंड डाव्या बाजूस उघडत असेल, तर ती बहुधा फायसा नावाची गोड्या पाण्यातली गोगलगाय असावी.

लाव्ह्याखालचे लमेटा नावाचे गाळखडकांचे थर मला अधिक रंजक वाटतात. वरोरा तालुक्यातील पिसदुऱ्याला त्यांत डायनासोरांची हाडे आणि दगड झालेली विष्ठा मिळते; त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हतेच हा समज मोडला.

समुद्र इकडे होता, पण फार आधी: वणी-राजुऱ्याकडचा, सिमेंटसाठी खणला जाणारा चुनखडक समुद्रतळाचाच आहे, मात्र तेव्हा शंखधारी प्राणी पृथ्वीवर जन्मलेलेच नव्हते.