वाचकांचे प्रश्न : जेक्वेरी बदलताना जुना कोड कसा सांभाळावा?

प्रश्न : आमच्या वेब ॲप्लिकेशनचे फ्रेमवर्क अद्ययावत केल्यावर त्यातील जेक्वेरी (जावास्क्रिप्टची तयार फंक्शनांची लायब्ररी) १.८ वरून ३.५ वर गेली. तेव्हापासून तक्त्यात नव्याने जोडलेल्या ओळींवरील बटणे चालत नाहीत. जुने प्लगइन (जेक्वेरीवर बेतलेले पूरक कोड) वीसच्या आसपास असून सगळे नव्याने लिहिणे शक्य नाही. दोन्ही आवृत्त्या एकाच पानावर ठेवाव्यात का?

उत्तर : ‘नोकॉन्फ्लिक्ट’ (दोन प्रतींची नावे एकमेकींवर आदळू न देणारे फंक्शन) वापरून तसे करता येते, परंतु मी तसा सल्ला देणार नाही. एका प्रतीच्या ‘डेटा’ने साठवलेली माहिती दुसऱ्या प्रतीला दिसत नाही आणि एकीतून ‘ट्रिगर’ केलेल्या, म्हणजे कोडने घडवून आणलेल्या, आपणच नाव दिलेल्या इव्हेंटचा दुसरीला पत्ता लागत नाही. त्यामुळे आजची अडचण टळली, तरी पुढे दोष शोधणे दुप्पट अवघड होते.

आपली बटणे बंद पडण्याचे कारण बहुधा ‘लाइव्ह’ हे, नंतर जोडलेल्या घटकांवरील क्लिकही पकडणारे, फंक्शन आहे. १.७ पासून ते वापरू नये असे सांगितले जात होते आणि २०१३ मध्ये आलेल्या १.९ मध्ये ते काढून टाकण्यात आले. त्याच्या जागी डॉक्युमेंटवर, किंवा शक्यतो त्या तक्त्यावरच, ‘ऑन’ लावून बटणाचा सिलेक्टर (घटक ओळखण्याची खूण) दुसऱ्या स्थानी द्यावा, म्हणजे नंतर आलेल्या ओळींनाही तो लागू होतो.

हा दोष निदान ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (एरर दाखवणाऱ्या खिडकीत) लाल अक्षरांत दिसतो. मला खरी धास्ती वाटते ती मुकाट्याने बिघडणाऱ्या कोडची. आमच्या एका अर्जातील संमतीची चौकट ‘अॅट्र’ या फंक्शनने तपासली जात असे. १.८ मध्ये त्यातून चौकटीची त्या क्षणाची स्थिती कळत होती, १.९ पासून मात्र एचटीएमएलमध्ये मुळात लिहिलेला गुणधर्मच मिळू लागला, त्यामुळे वापरणाऱ्याने खूण काढली तरी आमचा कोड संमती आहे असेच धरून चालला आणि कोणताही एरर आला नाही. तेथे सध्याची स्थिती सांगणारे ‘प्रॉप’ हवे होते. ३.५ मधील बदलही असाच आहे : दोन रिकामे डिव्ह (पानावरील कप्पे) तिरक्या रेघेने जागीच बंद करून एकाच स्ट्रिंगमध्ये दिले, तर पूर्वी ते शेजारी शेजारी बसत, आता दुसरा पहिल्याच्या पोटात जातो.

म्हणून एकदम उडी न घेता आधी १.१२ वर जावे आणि जेक्वेरीच्या लगेच नंतर, प्लगइनच्या आधी, ‘जेक्वेरी मायग्रेट’ची १.४.१ ही आवृत्ती जोडावी. काढून टाकलेली बरीच फंक्शने ती परत पुरवते आणि ती कोठे वापरली जातात हे कन्सोलमध्ये सांगते. चाचणीसाठी तिची मिनिफाय न केलेली (आकार कमी करण्यासाठी न आवळलेली) फाइलच घ्यावी, कारण मिनिफाय केलेली फाइल या सूचना दाखवत नाही. एका पानावर तीच सूचना एकदाच येते, शिवाय जो कोड चाललाच नाही त्याची सूचना येतच नाही. तेव्हा प्रत्येक पान उघडून प्रत्येक बटण खरोखर दाबावे लागते. हे कंटाळवाणे काम कृपया टाळू नका. सूचना संपल्या की जेक्वेरी ३ आणि मायग्रेट ३ घेऊन हेच पुन्हा करावे.

प्लगइनपैकी ज्यांची नवी आवृत्ती उपलब्ध आहे ते आधी बदलावेत, उरलेल्यांत हाताने दुरुस्ती करावी आणि शेवटचा प्लगइन सुधारेपर्यंत मायग्रेट प्रत्यक्ष सर्व्हरवरही राहू द्यावी. ती कधी काढायची याची नोंद मात्र आजच कामाच्या यादीत करून ठेवावी.