विरोधकांचा मुद्दा आपणच काढला तर आपली बाजू लंगडी पडते का?

सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनल बसवण्याचा ठराव तुम्हाला मांडायचा आहे. ‘गच्ची गळेल’ असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा आपणहून काढावा की गप्प बसावं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: तुम्हीच काढा, आणि सगळ्यात आधी काढा.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत मसुदा मांडला, ते भाषण जरूर वाचा. मसुद्याचा बराच भाग ब्रिटिशांनी भारताच्या कारभारासाठी केलेल्या १९३५ च्या कायद्यातून उचललाय, अशी टीका होत होती. बाबासाहेबांनी ती स्वतःच सभेपुढे ठेवली. उसनं घेण्यात लाज कसली, संविधानाच्या मूलभूत कल्पनांवर कुणाचं पेटंट नसतं, असं ते म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर ती नुसती हजरजबाबी ठरली असती. पण पुढे त्यांनी मान्य केलं की घेतलेला भाग मुख्यतः प्रशासनाच्या तपशिलाचा आहे आणि असा तपशील खरं तर संविधानात नसावा. विरोधक जिंकले असं वाटावं, तिथेच त्यांनी कारण दिलं: आपल्याकडे संवैधानिक नीतिमत्ता, म्हणजे संविधानाचा मनापासून आदर करून वागण्याची सवय, अजून रुजायची आहे, आणि संविधानाचं अक्षरही न बदलता केवळ प्रशासनाची घडी बदलून त्याचा आत्मा मारता येतो. म्हणून तपशीलही लिहून ठेवायचा. टीकेतलं खरं तेवढं मान्य केल्यामुळेच हे कारण इतकं भिडतं.

त्याच भाषणात खेड्यांबद्दल त्यांनी फार कठोर शब्द वापरले. त्यामागचा अनुभव खरा होता, मी त्यांच्याच बाजूचा आहे. तरी अनेक सदस्य दुखावले आणि चर्चेत तो विषय पुन्हा पुन्हा निघाला. पुढे २२ नोव्हेंबरला सभेचे सदस्य के. संथानम यांनी ग्रामपंचायतींची दुरुस्ती मांडली, ती बाबासाहेबांनी स्वीकारली. आजचं कलम ४० ते हेच. समोरच्याचं म्हणणं मसुद्यात घेणं हेसुद्धा उत्तरच असतं.

आता तुमची गच्ची. ‘काही गळत नाही हो’ असं चुकूनही म्हणू नका. म्हणा, ‘आपलं वॉटरप्रूफिंग जुनं आहे, त्यात ड्रिल मारलं तर पाणी मुरण्याची भीती रास्त आहे. म्हणून स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभारायचा. ते वजन आणि वारा झेपेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यायचं. वॉटरप्रूफिंग आधी करायचं आणि त्याचा खर्च याच ठरावात धरायचा.’ पापड-कुरडया कुठे वाळवायच्या, हाही प्रश्न येईलच. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. गच्चीचा नकाशा काढून मोकळा राहणारा कोपरा रंगवून दाखवा. खर्चाचं उत्तर सोसायटीच्या वीजबिलातच आहे, ते सोबत ठेवा.

सभेच्या आधी सगळ्यात कडक विरोध करणाऱ्यांच्या घरी जा. ‘काका, तुमचं म्हणणं मी असं लिहिलंय, बरोबर आहे ना?’ असं विचारा आणि ते सुचवतील ती दुरुस्ती त्यांच्यासमोरच करा. इंजिनिअरने स्लॅब पेलणार नाही असं लिहून दिलं, तर ठराव मागे घ्या आणि काकांचं बरोबर होतं हे भर सभेत सांगा.