तुमची आश्विनी कोण करतं?

«ताई, मी ४७ वर्षांची. मुलुंड पूर्वेला राहते, पतपेढीत नोकरी करते. घरी सासूबाई, नवरा आणि अकरावीतला मुलगा. सासरे नाहीत. मुलगी थोरली, जुलैपासून नोकरीसाठी बंगळुरूला आहे. पाऊस ओसरला की घटस्थापनेच्या आधी मी घर आवरायला काढते. गेल्या रविवारी मुलीचं कपाट उघडलं, तर आत कुबट वास आणि तिच्या चामड्याच्या बॅगेवर पांढरी बुरशी. तिची गादीही ओलसर लागली. ती मी एकटीनं तीन जिने चढवून गच्चीवर उन्हात टाकली. खाली आले तर मुलगा म्हणाला, ‘आई, कशाला करतेस एवढं? कुणी सांगितलंय तुला?’ संध्याकाळी मुलीचा फोन आला, की सुट्टी दिवाळीलाच मिळेल, दसऱ्याला आणि कोजागिरीला येणं जमणार नाही. मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. नवरा सव्वानऊला आला, जेवला, झोपला. माझी आई तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत गेली. मी तिची थोरली. माझ्या लग्नानंतरही ती दर वर्षी कोजागिरीला लालबागहून माझी आश्विनी करायला, म्हणजे थोरलीला ओवाळायला, यायची. पण ते असो. माझा प्रश्न एवढाच आहे, की भरल्या घरात मला इतकं एकटं का वाटतं? माझं काही चुकतंय का?»

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘पण ते असो’ पाशी अडले. आईबद्दल लिहिलंत आणि लगेच ते बाजूला सारलंत. मी तिथं येणारच आहे, पण आधी त्या गादीबद्दल बोलू.

चार महिन्यांची ओल प्यायलेली कापसाची गादी किती जड होते, हे ती उचलणाऱ्यालाच माहीत. ती मधोमध वाकते, जिन्याच्या वळणावर अडते, एक टोक खांद्यावर घ्यावं तर दुसरं पायरीला घासत येतं. तुम्ही ती एकटीनं वर नेलीत, आणि घरात सोळा-सतरा वर्षांचा धडधाकट मुलगा होता. त्याला हाक मारली होतीत का? पत्रात तसं कुठं दिसत नाही. मला वाटतं, नसेलच मारली. ‘त्याचा क्लास आहे’, ‘यांना एकच रविवार मिळतो’ असं मनातल्या मनात म्हणत आपण एकट्याच वाकतो. मग कुणी धावून आलं नाही याचं दुःख दिवसभर उराशी धरतो. हे मी खूप वर्षं केलंय, माझ्या ओळखीच्या बायकांनीही केलंय.

मुलाचा सूर उद्धट असेल तर त्याला तसं जरूर सांगा. प्रश्न मात्र त्यानं खरा विचारला. कुणीच सांगितलं नव्हतं. मुलीनं गादी वाळवायला सांगितली नव्हती, आणि दिवाळीपर्यंत ती त्या गादीवर झोपणारही नाही. ती गादी तुम्हाला वाळवायची होती. तिच्या कपाटातून हात फिरवायचा होता, तिच्या कपड्यांची घडी मोडून पुन्हा घालायची होती. तुम्हाला तिची आठवण येत होती. हे उघड बोलायला आपली जीभ रेटत नाही, म्हणून आपण सगळं काही ‘मुलांसाठी’, ‘घरासाठी’, ‘देवीसाठी’ करतो. मग ज्यांच्यासाठी करतो त्यांनीच ‘कशाला?’ म्हटलं की उत्तर सापडत नाही आणि डोळ्यांत पाणी येतं.

पुढच्या वेळी त्याला सांगून बघा: ‘मला ताईची आठवण येतेय म्हणून हे काढलंय. ये, दुसरं टोक धर.’ अकरावीतल्या मुलाला हे पुरेपूर कळतं. त्याचीही बहीण घरातून गेली आहे. चार्जरवरून भांडायला, मॅगीतला अर्धा वाटा मागायला, तुमच्या नकळत गुपितं सांगायला जी होती, ती जुलैपासून नाही. त्याला कसं वाटतं हे तुम्ही विचारलंयत का? मी तुम्हाला दोष देत नाही, पण एवढं नक्की विचारा.

मुलीला आपणहून फोन करा. ‘जेवलीस का, पाऊस आहे का, झोपतेस का वेळेवर’ हा रोजचा फोन मी म्हणत नाही. तुमच्या बाजूची हकीकत तिला सांगा: बॅगेला बुरशी आली होती, गादी वर नेताना दम लागला, तू येणार नाहीस म्हटल्यावर मी रडले. तिच्यावर ओझं टाकायला नाही, तर आईला काय वाटतं हे तिला कळायला. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला आईचा ‘बरं’ बरोबर ओळखता येतो. फोन ठेवल्यावर तीही तिकडे बेचैन बसली असेल. (बॅग कडक उन्हात टाकू नका, चामडं तडकतं. कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत वाऱ्यावर ठेवा. ठेवायची की द्यायची, ते तिलाच विचारा.) आणि दर वेळी मुलीनंच यायचं असं कुठं आहे? सीएसएमटीहून बंगळुरूला उद्यान एक्सप्रेस रोज सुटते, साधारण एका दिवसाचा प्रवास. नोव्हेंबरमध्ये चार दिवस रजा टाका आणि तुम्हीच जा. ती कुठं राहते, खिडकीतून तिला काय दिसतं, डबा कुठून येतो, हे एकदा डोळ्यांनी पाहून आलात की रात्री तिचा विचार करताना नजरेसमोर एक खोली येईल. ते चार दिवस घरातले तिघं जेवणाखाण्याचं बघतील. शिकले नसतील तर शिकतील.

यजमानांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, मीही फार लिहीत नाही. तुम्ही रडलात हे त्यांना माहीतच नाही. नळ सोडला होता ना तुम्ही. सांगा त्यांना.

आता शरीराचं, कारण तेही या पत्रात आहे. मुंबईतून मोसमी पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमाराला माघार घेतो. त्या आगेमागे आकाश मोकळं होतं, ऊन थेट लागतं, वारे जमिनीकडून येऊ लागतात आणि समुद्राची झुळूक दुपारी उशिरा सुटते. जमिनीत ओल असतेच, त्यामुळे घाम वाळत नाही. हीच आपली ऑक्टोबर हीट. आयुर्वेदानं हे फार पूर्वी हेरलंय. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदात उसळतं, म्हणून तर ‘वैद्यानां शारदी माता’ असं वचन आहे. हा ऋतू वैद्यांची आई, कारण या दिवसांत त्यांच्याकडे रोग्यांची रीघ लागते. त्यात तुमचं वय ४७. आपल्याकडे बहुतेक बायकांची पाळी ४५ ते ५० च्या दरम्यान जाते. त्याआधीची काही वर्षं अंगातून अचानक वाफ निघते, झोप मोडते, साध्या गोष्टीवरून राग येतो. हे मनाचे चोचले नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा भेटून या, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तपासून घ्या. आणि रडू रोजच येऊ लागलं, कशातच मन लागेनासं झालं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ला १४४१६ वर फोन करा. २०२२ पासून ही सेवा चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता ‘ते असो’.

आश्विन पौर्णिमेला थोरल्या अपत्याची आश्विनी करतात. हल्ली मुंबईत बऱ्याच घरांतून ती गेली, कोजागिरी म्हणजे सोसायटीच्या गच्चीवरचं मसाला दूध एवढंच राहिलं. तुमच्याकडे ती टिकली होती, आणि कशी टिकली होती ते बघा. त्या संध्याकाळी आई लालबागहून येऊन तुम्हाला पाटावर बसवायची. मग तुम्ही उठायचात, आणि तुमची थोरली तुमच्यासमोर पाटावर बसायची. एकाच संध्याकाळी तुम्ही कुणाची तरी लेकही असायचात आणि कुणाची तरी आईही. तीन वर्षांपूर्वी तुमचा पाट गेला. तेव्हा मुलीला ओवाळायचं होतं, म्हणून तुम्ही निभावून नेलंत. यंदा तिचाही पाट रिकामा राहणार. रविवारी तो फोन ठेवल्यावर तुम्ही रडलात ते दसऱ्याच्या सुट्टीसाठी नव्हे, असं मला मनापासून वाटतं.

माझी आई गेली तेव्हा मी ५२ वर्षांची होते आणि मीही थोरलीच. पहिल्या कोजागिरीला मी दूध आटवायला ठेवलं आणि गॅससमोर उभी राहूनही ते तळाला लागलं. करपल्याचा वास घरभर झाला. मी सगळ्यांवर ओरडले, पातेलं सिंकमध्ये आपटलं. माझी धाकटी बहीण त्या दिवशी आली होती. तिनं माझ्या हातातून घासणी घेतली आणि पातेलं घासता घासता विचारलं, ‘ताई, आई आठवतेय का?’ आई गेल्यापासूनचं माझं रडणं त्या एका प्रश्नावर बाहेर आलं. त्याआधी मी सगळ्यांना सांगत होते, की मला फक्त दमायला होतंय.

तुमचं काही चुकत नाहीये. तीन वर्षं तुम्हाला कुणी ओवाळलेलं नाही आणि तुम्ही ते कुणाला बोलला नाहीत, एवढंच झालंय.

यंदाची कोजागिरी सोडू नका. तुमच्या घरात एक आई आहे, जिच्याबद्दल तुम्ही पत्रात दोनच शब्द लिहिलेत. सासूबाईंना विचारा, ‘यंदा माझी आश्विनी कराल?’ तुमचं-त्यांचं किती पटतं हे मला ठाऊक नाही, फार नसेलही पटत. तरी विचारा. या वयात माणसाला औषधाची वेळ आणि जेवणाची वेळ याखेरीज कुणी काही विचारत नाही. त्या बहुधा म्हणतील, ‘मी कशी ओवाळू?’ सासरे नाहीत, म्हणून तबकाला हात लावायचा नाही, असं त्यांच्या पिढीनं मनात घट्ट धरलेलं असतं. तिथं मात्र माघार घेऊ नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडसारख्या छोट्या गावानं २०२२ साली ग्रामपंचायतीत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, मग मुलुंडच्या एका घरात एका म्हातारीनं निरांजन हातात घ्यायला काय हरकत आहे? ‘शंभर शरद बघ’ असा आपला आशीर्वाद आहे. ज्यांनी सर्वांत जास्त शरद पाहिलेत, त्यांच्याच तोंडून तो घ्यावा.

मुलीला त्या वेळी फोनवर घ्या, तिलाही बघू दे. तिची आश्विनी दिवाळीत आली की करा, तिथीचं मी मनाला लावून घेणार नाही. यजमानांना आजच सांगून ठेवा, की त्या दिवशी सातची लोकल पकडायची.

सासूबाईंनाही आजच विचारा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. त्यांचं चांगलं नऊवारी किंवा रेशमी पातळ ट्रंकेत असेल, चार महिने त्यालाही ऊन लागलेलं नाही. ते बाहेर काढून एक दिवस गच्चीवर वारा द्यावा लागेल, आणि वर न्यायला मुलाला हाक मारा.

तुमची,
ताई