क्षारपड रानात टोमॅटोवर समुद्री शेवाळाचं टॉनिक फवारून उपयोग होतो का?

शिरोळकडच्या तुमच्या रानात उन्हाळ्यात पांढरं फुटतं, टोमॅटोची पानं कडेनं करपतात आणि दुकानदार शेवाळाचा अर्क घ्या म्हणतोय. घ्या, पण आधी माती तपासा.

फवारणीनं जमिनीतले क्षार चिमूटभरही कमी होत नाहीत. खाऱ्या मातीत ओल असूनही मुळांना पाणी ओढणं जड जातं, वर पालाश (पोटॅशियम) ज्या वाटेनं आत जातो त्याच वाटेनं सोडियम घुसतो. शेवाळाचा अर्क, अमिनो आम्लं, ग्लायसिन बीटेन (ताणात पेशीत पाणी धरणारा पदार्थ) यांनी झाडाला पेशीतलं पाणी धरून ठेवायला मदत होते. ताण थोडा सोसतो. थोडाच.

मातीच्या संपृक्त अर्काची (माती पाण्यानं पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याची) इसी, म्हणजे क्षारांचं प्रमाण दाखवणारा आकडा (डेसिसायमन प्रति मीटर), २.५ च्या वर गेली की टोमॅटोचं उत्पादन दर एककाला साधारण १० टक्क्यांनी घटतं. ढोबळी मिरची १.५ लाच कुरकुरते, घेवडा तर १ ला. म्हणजे इसी ३-४ असेल तर टोमॅटोत टॉनिकला अर्थ आहे, ८ असेल तर कुठलीच बाटली आणू नका. आणि एक बघा: बऱ्याच प्रयोगशाळा १:२.५ च्या द्रावणात (एक भाग माती, अडीच भाग पाणी) इसी मोजतात. तो आकडा संपृक्त अर्कापेक्षा बराच कमी येतो, त्यामुळे अहवालात १ दिसला म्हणून निर्धास्त राहू नका.

पानं करपल्यावर मारून फारसं हाती लागत नाही. रोप सावरलं की पहिली फवारणी, कळी निघताना दुसरी, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. मात्रा लेबलवरचीच. पंपात खारं बोअरचं पाणी अजिबात नको, नाहीतर वरून मीठच शिंपडाल! दोन सऱ्या नुसत्या पाण्यानं फवारून ठेवा, म्हणजे फरक दुकानदाराला विचारावा लागणार नाही. २०२१ पासून ही उत्पादनं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. घटक आणि मात्रा छापलेली नसेल ती बाटली परत करा.

खरा खर्च निचऱ्यावर करा. चर काढा, त्याला उतारावर तोंड द्या. सरीनं पाणी देत असाल तर मीठ वरंब्याच्या माथ्यावर चढतं, म्हणून रोप बगलेत लावा. सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तर जमीन चोपण (सोडियम जास्त असलेली) असण्याची शक्यता जास्त. तिथे जिप्सम लागतं, चुनखडी असेल तर गंधक.

सामू, इसी आणि चुनखडीचे आकडे इथे टाका, मग पुढचं सांगतो.