काळ्या गाडीवरचं जाळं कुणाकडून काढून घ्यावं?

प्रश्न : नमस्कार, मी कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहतो. काळी गाडी आहे, चार वर्षं झाली, रंग कंपनीचाच. ऊस गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याची काळी राख गाडीवर पडते ती रोज सकाळी फडक्यानं झटकायचो, आता उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखं गोल गोल दिसतंय. एकजण म्हणतोय डायरेक्ट सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा कडक संरक्षक थर) करा, दुसरा म्हणतोय निम्म्या पैशात रबिंग मारून नवी करून देतो. विश्वास कुणावर ठेवायचा?

उत्तर : दादा, पहिलं ते कोरडं फडकं आजपासून बंद करा, राख खरबरीत असते, आधी भरपूर पाणी सोडून ती वाहून जाऊ दे, मग शाम्पू.

आता कारागिराचं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे आपल्या उद्यमनगरात लेथवरचं पोरगंपण सांगेल. वहीचा कागद साधारण ८० ते १०० मायक्रॉन, आणि गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, ४०-५० च्या आसपास, म्हणजे कागदाच्या निम्मा. तुमचं जाळं त्याच थरात आहे आणि ते काढायचं म्हणजे तो थर थोडा घासून खाली आणायचा, गेलेला परत येत नाही. म्हणून जो गेज (रंगाची जाडी मोजायचं यंत्र) न लावता घासायचं मशीन सुरू करतो त्याच्याकडं गाडी सोडूच नका. कंपनीचा रंग सगळा मिळून १००-१५० भरतो, कुठल्या पत्र्यावर ३००-४०० दाखवलं तर तिथं आधी काम झालंय, तेपण गेजवरनंच कळेल.

माझ्या गाडीला एकानं तासाभरात रबिंग मारून दिलं होतं, ट्यूबलाइटखाली नुसता आरसा, आणि तीन-चारदा धुतल्यावर सगळे ओरखडे जिथल्या तिथं, कारण तेलकट ग्लेझनं नुसते बुजवले होते, वर उन्हात मशीन फिरल्याचे ढगासारखे पट्टे. मला अजून राग येतो त्याचा.

त्यामुळं आधी बॉनेटवर फूटभर जागेवर करून दाखवा म्हणायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्यानं ती जागा पुसायला लावायची आणि गाडी उन्हात काढून बघायची. ग्लेझ असेल तर तिथंच कळतंय. सिरॅमिकवाल्याला विचारा, कोटिंगच्या आधी करेक्शन, म्हणजे घासून ओरखडे काढायचं काम, करणार का? कोटिंगनं ओरखडे जात नाहीत, जाळं आहे तसं खाली अडकून राहतंय.

आणि एक, ज्या ओरखड्यात नख अडकतंय तो दाखवून बघा. "हा पूर्ण जाणार नाही, घासत बसलो तर क्लिअर कोट संपेल" असं जो तोंडावर सांगतो तोच मला खरा माणूस वाटतो, पैसे थोडे जास्त मागितले तरी द्या. त्यानं वर्षापूर्वी केलेली एखादी काळी गाडी बघायला मिळाली तर अजून बरं.

गाडी ताब्यात घ्यायला मात्र दुपारी १२ ला जा, दिवे लागल्यावर नको, आणि बॉनेट बघून झाल्याशिवाय राहिलेले पैसे देऊ नका.